महाधनेशाच्या ढोल्या आणि खाद्यवृक्ष: तिलारी खोऱ्यातल्या एका हंगामाच्या नोंदी

२२ ऑक्टोबर २०२४

पाऊस परतला, ढोल्यांची तपासणी सुरू केली. महाधनेश हा मोठ्या चोचीचा जंगलपक्षी; विणीला मादी झाडाच्या ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते आणि नर उरलेल्या फटीतून तिला भरवतो. पण तो स्वतः ढोली कोरत नाही. फांदी मोडलेल्या जागेतून पाणी आणि बुरशी आत शिरते, गाभा कुजत जातो आणि कधीतरी पोकळी तयार होते. साडेतीन-चार फूट लांब, दोन ते चार किलो वजनाची मादी आत मावेल एवढी पोकळी फक्त जुन्या, जाड खोडात मिळते. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाकडच्या डोंगरांत तशी झाडं उरलीत ती देवरायांत आणि काही खाजगी डोंगरांत: जुने रायवळ आंबे, बेहडे, सातवीण. बाकीच्या उतारावर रबर, अननस आणि काजू आला आहे.

गावाचं, राईचं नाव आणि अक्षांश-रेखांश या नोंदींत मुद्दाम दिलेले नाहीत. ढोल्यांना क, ख, ग, घ एवढ्याच खुणा. घरट्याच्या फोटोबरोबर जागा बाहेर फुटली की पुढच्याच रविवारी झाडाखाली कॅमेरे उभे राहतात. मोबाइलच्या फोटोत जागेची माहिती आपोआप जाते, म्हणून कामावर येणाऱ्या प्रत्येकाने ती सोय आधीच बंद करून यायचं.

प्रत्येक ढोलीची मापं: जमिनीपासून उंची, तोंडाची उंची-रुंदी, तोंडाची दिशा, आतला व्यास, उंबरठ्यापासून तळ किती खाली, तोंडापासून छत किती वर. वर चढण्याआधी लांब काठीला लावलेला एंडोस्कोप कॅमेरा आत घालून पाहायचा. आत घोरपड किंवा उदमांजर असू शकतं, त्यामुळे हात घालून चाचपणं बंद.

आजची स्थिती:
क (बेहडा): तोंडाच्या कडेने साल वाढून फट अरुंद झाली आहे.
ख (आंबा): तळ कुजून खूप खाली गेला आहे.
ग (सातवीण): सातेरी मधमाशांचं पोळं.
घ (आंबा): ठीक. काही करायचं नाही.

२९ ऑक्टोबर

क आणि ख ची दुरुस्ती. महाधनेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, घरट्यालाही तेच संरक्षण. त्यामुळे ढोली रिकामी असली तरी वन विभागाची लेखी परवानगी हातात नसताना पटाशी लावायची नाही. कामाची मुदत ऑक्टोबर ते नोव्हेंबर. डिसेंबरात जोड्या ढोल्या पाहत फिरू लागतात, तेव्हा झाडावर माणूस दिसता कामा नये.

चढण्याची पद्धत: मोठ्या गलोलीने दोनशे ग्रॅमची शिसाची पिशवी आणि बारीक दोरी जिवंत, मांडीएवढ्या जाड फांदीवरून टाकायची. तिला बांधून ११ मिमीचा न ताणणारा दोर वर ओढायचा. दोघं जण वजन टाकून झटका देऊन पाहतात, मगच चढाई. खिळ्यांचे बूट अजिबात नकोत, प्रत्येक खिळा सालीला नवी जखम करतो. बेहड्याच्या वाळक्या फांद्या न सांगता सुटतात, म्हणून दोराखालच्या दहा मीटरच्या वर्तुळात कोणी थांबायचं नाही.

क मध्ये तोंडाभोवतीची साल आत वळून तिचा ओठ झाला होता. झाड जखम भरून काढतं. झाडाच्या दृष्टीने हे चांगलंच, पण मादीला दार बंद. पाऊण इंची पटाशी आणि लाकडी मोगरीने फक्त हा नवा ओठ तासला. मूळ खोडाच्या लाकडाला हात लावला नाही. तोंड उभटच ठेवायचं: गोल केलं तर मादीला लिंपण जास्त करावं लागतं आणि वैऱ्यालाही आत शिरायला सोपं जातं. आम्ही रुंदी १५ सेंमीच्या खाली जाऊ देत नाही आणि २० च्या वर नेत नाही.

ख चं दुखणं उलटं. आतला कुजका भाग खचत जातो आणि तळ दरवर्षी खाली जातो. तळ हातभर खाली गेला की मादीची चोच फटीपर्यंत पोचत नाही, नराने आणलेलं फळ घेता येत नाही. अशी ढोली बाहेरून उत्तम दिसते आणि जोडी ती सोडून जाते. थायलंडमध्ये धनेशांच्या अभ्यासक पिलाई पूनस्वाद यांच्या गटाने खाओ याई आणि बुडोच्या जंगलांत हीच दुरुस्ती वर्षानुवर्षं केली आहे: आत भर घालून तळ वर आणायचा. आमची भर तीन थरांची. खाली बोटभर जाडीचे लाकडाचे तुकडे (पाणी झिरपायला), मध्ये कोरडी चाळलेली माती, वर चार बोटं लाकडाचा भुसा आणि कुजका गाभा. तळ उंबरठ्याच्या १५ सेंमी खाली येईपर्यंत भरलं. नुसती माती घातली तर पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि सुकल्यावर दगड. भर जास्त झाली तरी घोटाळा: मादी आत शेपूट पाठीवर उभी करून बसते, तिला डोक्यावर मोकळी जागा लागते.

सिमेंट, फोम, प्लास्टिक काहीही वापरलेलं नाही.

६ नोव्हेंबर

ग मधली सातेरी काढली. धूर करून पळवलं तर माशा आठवड्यात परत येतात, आणि पेटता बोळा घातला तर झाडच आतून पेटतं. मधपेट्या ठेवणाऱ्या माणसाला बोलावून संध्याकाळी पोळं कापून चौकटींना बांधलं, राणी पेटीत घेतली, उरलेल्या माशा अंधार पडेपर्यंत आपोआप मागे आल्या. त्यानंतर आतलं मेण खरवडून काढणं महत्त्वाचं. मेणाचा वास राहिला तर पुढची सातेरी तोच पत्ता धरते.

२० नोव्हेंबर

कृत्रिम घरटी बसवावीत का, यावर बैठक. ठरलं: या हंगामात नाही. लाकडी पेटी दुपारी तापते आणि आतली हवा कोरडी होते. जिवंत खोडातल्या ढोलीत दमटपणा टिकतो आणि तापमान फारसं हलत नाही. दुहेरी भिंत, मध्ये हवेची पोकळी, सावलीतली उत्तर किंवा पूर्व बाजू असं सगळं केलं तरी कोकणच्या पावसात प्लायचे पापुद्रे सुटतात. पट्टे झाडाच्या जाडीबरोबर दरवर्षी सैल करावे लागतात, नाहीतर ते खोडात रुततात. जिथे जुनी झाडं संपलीच आहेत तिथे पेटीला पर्याय नाही. इथे ढोल्या अजून उभ्या आहेत, तर पैसा आधी त्यांच्यावर.

११ डिसेंबर

क चं झाड खाजगी सामायिक डोंगरात आहे, सातबारावर अनेक नावं, निम्मे लोक मुंबईत. डोंगर उक्ता (सगळी झाडं एकरकमी तोडीला) द्यायची बोलणी चालू असल्याचं कानावर आलं. १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ आहेत. बेहडा त्यात नाही. लाकूडही हलकं, पेट्या आणि जळणाच्या भावाने जातं. ढोलीचं पोकळ झाड तर ठेकेदार घाऊक हिशेबातच धरतो, त्याची वेगळी किंमत कोणी मागत नाही.

मार्ग काढला तो असा: सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्यांचं पत्र, ढोलीचं झाड आणि त्याच्याभोवतीचा पंचवीस मीटरचा घेर तोडीतून वगळायचा, बदल्यात वर्षाचं मानधन. एकट्या कर्त्याची सही चालत नाही. पुढे एखादा भाऊ उठतो आणि करार कागदावरच राहतो. घेर नुसता झाडापुरता ठेवला तरी उपयोग नाही. आजूबाजूची झाडं गेली की एकटा बेहडा वाऱ्याला उघडा पडतो, आणि नराला घरट्यावर येण्याआधी बसून टेहळणी करायला फांदी राहत नाही.

२८ डिसेंबर

खाद्यवृक्षांना क्रमांक. ॲल्युमिनियमची पट्टी, ॲल्युमिनियमचाच खिळा, खिळ्याचं डोकं सालीपासून एक सेंमी बाहेर (झाड जाड होतं तेव्हा पट्टी गिळली जात नाही). यादीत वड, नांद्रुक, उंबर, पायर, काळा धूप, रान जायफळ, येरिंडी, जांभूळ, भेरली माड. दर पंधरवड्याला दुर्बिणीने पाहून कच्ची आणि पिकी फळं ० ते ४ अशा श्रेणीत. आकडा अंदाजाचा असतो, म्हणून एका झाडाला वर्षभर एकच माणूस.

वड-उंबर कुळातली झाडं एकाच वेळी फळत नाहीत, आज हे तर पुढच्या महिन्यात ते. म्हणूनच कोरड्या दिवसांत धनेशाचा संसार त्यांच्यावर चालतो. जायफळ, धूप, येरिंडीची फळं तेलकट. ती थोडे आठवडेच मिळतात, पण पिलाचं अंग त्यावर भरतं.

ध्वनिमुद्रण यंत्रं (ऑडिओमॉथ) दोन राईंत टांगली. महाधनेशाची हाक खालच्या पट्टीतली, त्यामुळे सेकंदाला ८ हजार नमुने पुरतात. कार्ड आणि तीन पेन्सिल सेल जास्त दिवस चालतात. मार्चनंतर झाडांवरचे किडे दिवसभर किरकिरतात, तो आवाज वरच्या पट्टीत असतो आणि गाळणी लावून बाजूला काढता येतो. पिशवीत सिलिका जेल, दोरीला ग्रीस. नाहीतर मुंग्या आत घर करतात.

९ जानेवारी २०२५

क आणि घ जवळ जोड्या. गावात विचारताना महाधनेश आणि मलबारी कवड्या धनेश यांची सरमिसळ होते, म्हणून छायाचित्र दाखवूनच विचारायचं. उडताना ओळख सोपी: महाधनेशाची मान पांढरी-पिवळसर, पंखांवर पांढरे पट्टे, पांढऱ्या शेपटीत एक काळा आडवा पट्टा. कवड्याची मान काळी आणि पंखांच्या कडा पांढऱ्या. पंखांचा घरघराट अर्धा किलोमीटरावरून येतो. नराचा डोळा लाल, मादीचा पांढरा. दूरदर्शक असेल तर यात चूक होत नाही. मानेवरचा आणि चोचीवरचा पिवळा रंग शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतल्या तेलाचा आहे, पक्षी स्वतःच तो चोळून लावतो. त्याच्या गडद-फिक्यावरून वय ठरवू नये.

घरट्यातून पडणारं बी झेलायला खाली बी-जाळ्या आजच लावून टाकल्या. मादी आत बसल्यावर लावायला गेलं तर उशीर झाला. एक मीटर चौकोनाची मच्छरदाणीची जाळी, चिव्याच्या (बांबूच्या) चार खुंट्या, जमिनीपासून दोन फूट वर. जमिनीवर पडलेलं बी उंदीर आणि साळिंदर रात्रीत संपवतात.

२१ जानेवारी

क मध्ये मादी बसली. फटीच्या कडेने ओलसर लिंपण. यात मुख्यतः तिची स्वतःची शीट आणि खाल्लेल्या फळांचा चोथा; चोचीची कड थापीसारखी आडवी आपटत ती ते आतून बसवते. सुकल्यावर कवच इतकं टणक होतं की नखाने निघत नाही. शेवटी उरते ती चोचीचं टोक जाईल एवढी उभी फट.

आतापासून नियम कडक. लपण (आडून पाहायची जागा) झाडापासून चाळीस मीटरवर, झावळ्यांचं, माणसं दोनच. नर समोरच्या फांदीवर येऊन वीस मिनिटं बसला आणि घरट्याकडे वळला नाही, तर त्याला आपण दिसलो आहोत: सामान उचलून मागे यायचं. हाकेचं रेकॉर्डिंग वाजवणं बंद. खोऱ्यात हत्ती आहेत, म्हणून उजाडण्याआधी कोणी निघायचं नाही. नराच्या सकाळच्या एक-दोन भरवण्याच्या फेऱ्या हुकल्या तरी चालेल.

१७ फेब्रुवारी

जाळरेषा पूर्ण. राईच्या डोंगराकडच्या अंगाला तीन मीटर रुंद पट्टा, पातेरा ओढून बाहेरच्या बाजूला टाकला. आतल्या बाजूला टाकला तर आगीला सरपण तयार मिळतं. भाजावळीच्या दिवसांत ठिणगी वाऱ्याने येते. पोकळ बेहड्याच्या बुंध्याला भोक असेल तर आत धुराडं होतं आणि झाड रात्रभर जळत राहतं, म्हणून क च्या बुंध्यातलं भोक चिऱ्याचे तुकडे आणि मातीने बुजवलं.

१० मार्च

क च्या जाळीत अंड्याच्या कवचाचे तुकडे. अंडी उबायला अडतीस-चाळीस दिवस लागतात, हिशेब जुळतो. मादी एक किंवा दोन अंडी घालते, बाहेर पडतं ते बहुधा एकच पिलू. खाद्यही बदललं: फळांबरोबर सरडे, मोठे किडे.

शिमगा तीन दिवसांवर. घ ची राई देवळाला लागून आहे. गावकर, गुरव आणि मानकऱ्यांशी बोलणं जानेवारीतच झालं होतं, देवाला कौल लावला गेला होता. ठरल्याप्रमाणे पालखी आणि ढोल रीतसर होतील. फटाके आणि ध्वनिक्षेपक सहाणेवर (पालखी बसते त्या जागी), राईच्या पलीकडच्या अंगाला. ढोलाला पक्षी सरावलेले आहेत, अडचण फटाक्यांची. नर बिथरला तर तो दिवसच्या दिवस घरट्याकडे फिरकत नाही, आणि आतल्या मादीचे उडण्याचे पिसारे झडलेले असतात. ती स्वतःहून भिंत फोडून बाहेर आली तरी उडू शकत नाही. शिमग्याच्या तोंडावर विनवायला जाणं उपयोगाचं नसतं, तेव्हा सगळं आधीच ठरलेलं असतं.

१९ मार्च

क वरचं भरवणं, दूरदर्शकातून. नर खोडाला उभा चिकटतो, शेपटीचा टेकू. गळा हलतो, डोकं किंचित मागे, आणि चोचीच्या टोकाशी नांद्रुकाचं एक फळ येतं. ते फटीत सरकवतो. आतून मादीची चोच ते उचलते. पुन्हा गळा हलतो, पुन्हा एक. मोजणाऱ्याने चोच न बघता गळा बघायचा; फळ लहान असलं की चोचीत दिसत नाही, गळ्याची हालचाल मात्र चुकत नाही. तक्त्यात वेळ, फळाचा प्रकार, संख्या, फेरीचा शेवट. ओळख पटली नाही तर ‘अज्ञात’ लिहायचं. अंदाजाने ‘उंबर’ लिहिलेला तक्ता पुढे काही कामाचा राहत नाही.

८ एप्रिल

जाळ्यांतलं बी दर आठवड्याला दुपारी बारा ते दोन या वेळात गोळा करतो, तेव्हा फेऱ्या कमी असतात. त्याच दिवशी रोपवाटिकेत.

रान जायफळ: बी सुकलं की मेलं. पंधरा दिवस ठेवलेलं उगवत नाही. लाल पत्री निघालेली असतेच, उरलीसुरली चोळून धुवायची, बी आडवं ठेवून निम्मं मातीत दाबायचं, दाट सावली. सोटमूळ लांब जातं म्हणून ८ बाय १२ इंची पिशवी.
येरिंडी: तसंच, ताजंच लावायचं.
काळा धूप: टणक आठळी, महिनोन्महिने वाट पाहावी लागते. वाफा दुसऱ्या महिन्यात उकरून बघण्याचा मोह होतो, उकरायचा नाही.
वड, नांद्रुक, पायर: बी राईएवढं. चाळलेली विटकूर आणि कोळशाची पूड ट्रेमध्ये, वर बी नुसतं भुरभुरायचं, माती टाकायची नाही, कारण त्याला उजेड हवा. झारी नको, फवारा. झाकण ठेवलं आणि हवा खेळली नाही तर रोपं बुंध्याशी कुजून आडवी होतात.

मिश्रण दोन भाग लाल माती, एक शेणखत, एक वाळू. शेणखत वर्षाचं मुरलेलं. ताज्यात हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

२९ एप्रिल

क मधली मादी बाहेर. पिसारे नवे. पिलाने फट आतून पुन्हा लिंपून घेतली. आता दोघंही भरवतात आणि फेऱ्या वाढल्या आहेत. फुटलेलं लिंपण पाहून ‘घरटं मोडलं’ असा निरोप गावातून आला होता. अशा वेळी झाडाजवळ न जाता लपणातूनच दोन-तीन तास पाहायचं: नर-मादी फळं घेऊन येत असतील तर सगळं ठीक आहे.

१९ मे

क चं पिलू बाहेर पडलं. त्याच्या चोचीवर टोप (वरचा उंचवटा) जवळजवळ नाही. तो भरायला काही वर्षं लागतात. घ चंही याच आठवड्यात. ख मध्ये जोडीने डिसेंबरात डोकावून पाहिलं होतं पण मादी बसली नाही. भर नवीन आहे, पुढच्या हंगामापर्यंत निष्कर्ष नको. ग रिकामीच.

२७ मे

पाऊस २५ तारखेलाच कोकणात दाखल झाला, नेहमीच्या दहा-बारा दिवस आधी. लागवडीचं वेळापत्रक मागे-पुढे. वड, नांद्रुक, पायर यांच्या फांद्या मनगटाएवढ्या जाड, दीड-दोन मीटर लांब कापून दोन दिवस सावलीत उभ्या ठेवल्या (चीक गळून जातो), वरच्या टोकाला शेणाचा गोळा, दोन फूट खोल गाडल्या. सोटमुळाचं वडाचं रोप आणि फांदी यांत फांदी लवकर फळाला येते, पण वाऱ्यात कलते. म्हणून राईच्या कडेला रोपं आणि आतल्या आडोशाला फांद्या.

१४ जून

जायफळ आणि येरिंडीची रोपं मोकळ्या जागेत लावायची नाहीत. ती सावलीतली झाडं. उघड्या उतारावर ऑक्टोबरच्या उन्हात पानं करपतात. ओढ्याच्या काठी, मोठ्या झाडांच्या छायेत, दीड फूट घनाचे खड्डे. गव्यांच्या वाटा सोडून. कुंपणाला काटेरी तार नको, करवंदाच्या फांद्या पुरतात.

ही झाडं फळायला लागेपर्यंत एक पिढी जाईल. आज पिलू काढणारा बेहडा त्याआधी पडला तर जायफळ खायला पक्षी राहणार नाही, म्हणून अंदाजपत्रकात मानधनाची ओळ रोपवाटिकेच्या वर.

९ ऑगस्ट

वादळी वाऱ्यात घ च्या आंब्याची एक जाड फांदी बुंध्याशी फाटून गेली. ढोली शाबूत. जखमेला डांबर किंवा बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) लावू नये असं राईच्या गुरवांना आणि शेजारच्या बागवाल्यांना सांगितलं. हापूसच्या बागेत ते योग्य, इथे नको. फाटलेली जागा उघडीच राहू द्यायची, कुजू द्यायची. पुढेमागे तिथे ढोली होईल म्हणून तिला ङ हा क्रमांक दिला. ऑक्टोबरात खोली आणि रुंदी मोजून फोटो, नंतर दर दोन वर्षांनी. क चा मानधन करार नोव्हेंबरात संपतो, गणपतीला मुंबईकर गावी असतील तेव्हाच सह्या घ्यायच्या.